आधी फरशी ओळखा, मग बाटली उघडा

पंचगंगेला पूर आला की कोल्हापूरचे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या आकड्याकडे लागते. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पाणी या पातळीच्या बरेच वर गेले. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, शहराबाहेर चिखली-आंबेवाडी इथली घरे पाण्यात गेली. पाणी ओसरल्याची बातमी आली की बाहेरच्यांच्या लेखी पूर संपतो. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांचे काम तेव्हा सुरू होते. अशा वेळी फिनेल, ब्लिचिंग पावडर, ॲसिड, धुण्याचा सोडा, हाताला लागेल ते फरशीवर ओतले जाते. वास जेवढा उग्र तेवढी स्वच्छता पक्की, हा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा आहे आणि कधी कधी जिवावर बेतणारा आहे.

साफ करणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत. गाळावर ब्लिचिंग पावडर टाकली तर त्यातला क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय घाणीशीच झुंजण्यात खर्च होतो, जंतूंपर्यंत फारसा पोहोचत नाही. म्हणून आधी गाळ काढायचा, मग साबणाच्या पाण्याने घासून धुवायचे आणि शेवटी ब्लिचिंगचे पाणी फिरवायचे. ताज्या पावडरीत साधारण 30 ते 35 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. लिटरभर पाण्यात 15 ग्रॅम, म्हणजे तीन-चार सपाट चहाचे चमचे पावडर घातली की अर्ध्या टक्क्याचे द्रावण होते. ते फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे आणि मग धुऊन टाकावे. वर्षभर उघड्या पिशवीत पडलेल्या पावडरीचा जोर उतरलेला असतो, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

खरा धोका आहे तो मिसळण्यात. ब्लिचिंगच्या पाण्यावर संडास साफ करायचे ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल 1915 मध्ये, ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि खिडकी बंद असलेल्या छोट्या न्हाणीघरात वाकून घासणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. डोळे चुरचुरू लागले, खोकल्याची उबळ आली, तर काम पुरे करण्याचा हट्ट न धरता लगेच मोकळ्या हवेत यावे. श्वास लागत असेल तर दवाखाना गाठावा.

दुसरी चूक पृष्ठभाग न ओळखण्याची. कोल्हापूरच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि कडाप्प्याचा ओटा असतोच. हे दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड पडले की त्यावर फेस येतो. घाण निघत असल्याची ती खूण वाटते, पण प्रत्यक्षात दगडच विरघळत असतो. फरशी खरखरीत होते आणि पुढच्या वेळी जास्त मळ धरते. संगमरवर आणि मोझॅक यांचेही तेच. त्यांना लिंबू आणि व्हिनेगरही सोसत नाही. साधे साबणपाणी आणि ब्रश पुरेसा. चकाकत्या सिरॅमिक टाइलवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. तिथे सौम्य आम्ल चालते, पण सांध्यांतले सिमेंट त्यानेही झिजते. म्हणून लगेच भरपूर पाणी ओतायला हवे.

भांड्यांच्या बाबतीत हे शहाणपण घरात पूर्वीपासून आहे. तांब्या-पितळेवरचा काळपट थर चिंचेच्या कोळाने निघतो, कारण तो थर आम्लात विरघळतो. कल्हईच्या भांड्याला आतून तारेची घासणी लावायची नाही, हेही ठरलेले असते. ॲल्युमिनियमची कढई धुण्याच्या सोड्याने काळी पडते आणि लिंबाने उजळते. स्टीलवर ब्लिचिंगचे पाणी राहिले तर बारीक खड्डे पडतात. धातूप्रमाणे उपाय बदलतो हे ज्या घरात ठाऊक आहे, तिथे फरशीला मात्र एकाच बाटलीचा न्याय का?

ती बाटलीही पुष्कळदा शीतपेयाची रिकामी बाटली असते, लेबल नसलेली. मुलाने पाणी समजून घोट घेतला तर अन्ननलिका भाजते आणि ओकारी काढायला लावली तर ती दुसऱ्यांदा भाजते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले: खरेदीदाराचे ओळखपत्र, विक्रीची नोंद, अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही. ॲसिडहल्ले रोखण्यासाठीचा हा आदेश मोरीखालच्या बाटलीलाही लागू पडतो. घरात तीव्र ॲसिड ठेवण्याची गरजच नसते आणि ते हद्दपार करणे हेच शहाणपणाचे.

पूर पुन्हा येणार, हे नदीकाठी राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. तेव्हा ब्लिचिंग पावडरीची पिशवी वाटणाऱ्यांनी तिच्यासोबत मोठ्या अक्षरांतला मराठी कागद द्यावा: प्रमाण किती, आधी काय, नंतर काय आणि कशात काय मिसळायचे नाही. औषध देताना ते कसे घ्यायचे ते सांगतात. फरशीच्या औषधालाही तोच नियम हवा.