सायलेन्सरचं वजन कुणी मोजायचं?

आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण वाचा, कारण शेवटी तो तुमच्या-माझ्या कानांशीच येऊन थांबतो.

निमित्त असं झालं. अमेरिकेतला माझा एक भाचा गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधतोय. तिकडे असे हौशी लोक पुष्कळ आहेत आणि कायद्यात त्यांची रीतसर सोय आहे. आपल्याकडेही कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधलंच की. २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते सगळ्यांनी पाहिलं. तर भाच्याने इंजिन निवडलंय माझदा गाडीचं, रोटरी. परवा फोनवर म्हणाला, "मामा, सगळं जमलं. आता फक्त सायलेन्सर राहिलाय. का तसंच उडवू? चार-पाच किलो वाचतील."

त्या 'फक्त'वर माझा आक्षेप आहे.

रोटरी म्हटलं की बारामती-इंदापूरकडे आधी रोटाव्हेटर आठवतो, म्हणून थोडं समजावून सांगतो. या इंजिनात वरखाली होणारा पिस्टन नसतो. तिकोनी रोटर एका लांबट खोलीत गरगर फिरतो. हलकं, आटोपशीर, थरथर कमी. हे काही फक्त परदेशी खूळ नाही. भीमा ओलांडली की पलीकडे नगर जिल्हा. त्या नगरच्या (आता अहिल्यानगर) व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बंगळुरूच्या दोन संस्थांबरोबर 'निशांत' या मानवरहित टेहळणी विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं असंच इंजिन बनवलं. २००९ साली ते 'निशांत'ला घेऊन उडालंही.

मग खोट कुठे आहे? आवाजात. पिस्टनच्या इंजिनात धुराचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. माझदाच्या जुन्या रोटरीत व्हॉल्व्हच नाही. रोटरचं टोक भोकावरून सरकलं की दाबलेला वायू एकदम बाहेर पडतो. कुकरची शिटी हळूच उचलणं आणि झाकणच उडणं, एवढा फरक. शिवाय दोन रोटरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असेल तर असे २०० धक्के दर सेकंदाला. शिकाऊ विमानाचं चार सिलिंडरचं इंजिन २,४०० फेऱ्यांवर सेकंदाला ८० धक्के देतं. आपला कान ८० पेक्षा २०० चा सूर जास्त टिपतो. म्हणजे मुळात कर्कश, त्यात कानाला नेमका लागणारा.

आता उपाय. नळीतून आलेली आवाजाची लाट एकदम मोठ्या डब्यात शिरली की तिचा बराच भाग उलटा फिरतो. हा डबा लाटेच्या लांबीच्या चौथाईइतका असला की सगळ्यात जास्त अडवतो. इथे लोक साध्या हवेचा हिशोब धरतात. पण धूर थंड नसतो. रोटरीचा धूर भोकाशी ९०० अंशांच्या पुढे असतो, आणि तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला ३४० नव्हे, सुमारे ६०० मीटर धावतो. २०० च्या सुराची लाट मग तीन मीटरची होते आणि डबा हवा ७५ सेंटिमीटरचा. थंड हवेच्या हिशोबाने निघतो ४२.

गंमत म्हणजे लांबी अशी चुकली तरी नुकसान थोडंच होतं. लांबी दुप्पट, म्हणजे दीड मीटर केली, तर मात्र मुख्य सूर डब्यातून बिनदिक्कत पार होतो. खरा फरक पडतो तो जाडीने. डबा नळीच्या दुप्पट व्यासाचा असेल तर जेमतेम साडेसहा डेसिबल कमी होतात. तिप्पट केला तर तेरा, म्हणजे आवाजाची ऊर्जा विसाव्या हिश्श्यावर येते. कानाला तो निम्म्याहून कमी वाटतो. पाच सेंटिमीटरच्या नळीला पंधराचा डबा. ही जागा विमानाच्या पोटाखाली नंतर सापडत नाही. पहिल्या कागदावरच आखावी लागते. म्हणून म्हणतो, 'फक्त' सायलेन्सर असं काही नसतं.

बाकीचं कारागिराचं काम. मोटारसायकलसारखी ग्लासवूल भरली तर या उष्णतेत आणि धक्क्यांत ती उडून जाते. साधा पत्रा जळतो, तडकतो. उष्णता सोसणारं स्टेनलेस किंवा इन्कोनेल हवं. सांधे सरकते हवेत आणि सगळा भार इंजिनावरच टांगलेला हवा. एक टोक इंजिनाला आणि दुसरं विमानाच्या सांगाड्याला बांधलं की थरथरीने तडा ठरलेलाच. आणि हिवाळ्यात त्याच डब्याभोवती पत्रा गुंडाळून केबिन गरम करत असाल, तर त्या तड्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. हे मी भाच्याला दोनदा सांगितलं.

वजनाचा मुद्दा खोटा नाही. विमान बांधणारा माणूस ग्रॅमग्रॅम मोजतो आणि त्याने मोजावंच. धूर अडला तर रोटरीची ताकद घटते हेही खरं, म्हणून आत छिद्रांची सरळ नळी ठेवायची. पण त्याच्या तराजूत एकच पारडं आहे. त्याचे पाच किलो त्याला दिसतात, खालच्या माणसाची मोडलेली झोप दिसत नाही.

आम्हाला ती दिसते, कारण आम्ही खाली राहतो. बारामतीचं आकाश शिकाऊ विमानांचं आहे. पोरं-पोरी वैमानिक होतात याचा अभिमानच वाटतो, तक्रार नाही. पण तोच आवाज कडबनवाडीच्या माळावरच्या चिंकाऱ्यांना आणि भिगवणला उजनीच्या पाण्यात उतरलेल्या रोहित पक्ष्यांनाही ऐकू येतो, आणि त्यांचं मत कुणी विचारलेलं नाही. जर्मनीत लहान विमानांच्या पोटाखाली लांबलचक सायलेन्सर दिसतात. तिथले वैमानिक काही जास्त सज्जन नाहीत, तिथले आवाजाचे नियम कडक आहेत.

आपल्याकडे तर उलटी तऱ्हा. बुलेटचा चांगला सायलेन्सर काढून फटफट करणारी पुंगळी लावायची, मग पोलिसांनी जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवायचा. आवाज म्हणजे ताकद, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. प्रत्यक्षात आवाज ही वाया गेलेली ताकदच असते.

हौशी माणसाकडून माझी अपेक्षा उलट जास्त आहे. कंपनी नियमापुरतं करते. ज्याने स्वतःच्या हाताने विमान बांधलं, त्याला कुणी घाई केलेली नसते. रोटरीला गिअर लावून पंखा २,१०० फेऱ्यांच्या आसपास संथ फिरवता येतो, म्हणजे पंख्याचाही आवाज कमी. मनात आणलं तर हे कर्कश इंजिन शेजाऱ्यांना आवडेल असं उडवता येईल. पाच किलोच वाचवायचे असतील तर आधी वैमानिकाने पोट कमी करावं. ते सायलेन्सरपेक्षा स्वस्त पडतं.