आवाज मोठा, पण इतिहास कोणाचा?

मेटल संगीतात इतिहासावर अल्बम काढायची हौस जुनी आहे. पण त्यात इतिहास कोणाचा असतो? स्वीडनच्या मार्डुक या ब्लॅक मेटल बँडने १९९९ साली 'पान्झर डिव्हिजन मार्डुक' काढला. अमेरिकेच्या स्लेयर या थ्रॅश बँडने १९८६ साली ऑशविट्झच्या डॉ. मेंगेलेवर गाणे केले. मारणारा मध्यभागी, मेलेले पार्श्वभूमीला! जाब विचारला की उत्तर ठरलेले असते : आम्ही फक्त इतिहास सांगतो. ही 'तटस्थता' आम्हाला नवी नाही. पेशवाईचे वैभव गाणारेही हेच म्हणतात.

म्हणूनच न्यूझीलंडच्या एलियन वेपनरी या थ्रॅश बँडचा २०१८चा पहिला अल्बम 'तू' आपल्या तरुणांनी ऐकावा. 'तू' म्हणजे माओरींचा युद्धदेव तूमाताउएंगा. बँडमधले दोघे भाऊ माओरी वंशाचे. अल्बम आला तेव्हा सगळे कलाकार किशोरवयीन होते.

'रू आना ते फेनुआ' हे गाणे २९ एप्रिल १८६४च्या गेट पाच्या लढाईवर आहे. सुमारे १,७०० इंग्रज सैनिकांसमोर जेमतेम २३० माओरी होते. जमिनीखालच्या खंदकांत त्यांनी तोफांचा मारा सोसला आणि चालून आलेल्या सैन्याला पळवून लावले. या भावांचे पूर्वज ते आहोआहो याच लढाईत पडले.

मात्र हा अल्बम शौर्यापाशी थांबत नाही. 'राउपातू' हे गाणे १८६३च्या न्यूझीलंड सेटलमेंट्स अॅक्टवर आहे. बंडखोर ठरवलेल्यांच्या जमिनी जप्त करण्यासाठी सरकारने हा कायदा केला. लढाई जिंकूनही जमीन जाते, कारण कायदा दुसऱ्याच्या हातात असतो, हे इथे कळते. 'काई तांगाता' तर माओरी टोळ्यांनी बंदुका मिळताच एकमेकांवर केलेल्या संहारावर आहे. आपल्या पूर्वजांचे रक्ताळलेले हात दाखवायलाही ही मुले कचरत नाहीत.

मग अल्बम निर्दोष आहे का? मुळीच नाही. माओरी भाषेतली गाणी छातीत घुमतात. बहुतेक इंग्रजी गाणी मात्र सामान्य आहेत. ढोंगीपणा, सोशल मीडियाचा पोकळपणा, मनाची घुसमट हे सारे जगातला कुठलाही बँड गाऊ शकतो. तिथे गिटारही उसनी वाटते. पीडितांचा आवाज आहे म्हणून फिके गाणे गोड मानायचे, ही दया झाली. आम्हाला दया नको आणि आम्ही ती कुणावर करणारही नाही.

माओरींशी आपले नाते ओढूनताणून आणलेले नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७१ साली ऑकलंडमध्ये पॅसिफिक बेटांवरच्या आणि माओरी तरुणांनी पॉलिनेशियन पँथर उभी केली. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्मली. पण नाते म्हणजे नक्कल नव्हे. गेट पाला माओरी इंग्रजांविरुद्ध लढले, तर १८१८ साली कोरेगावला महार सैनिक इंग्रजांच्या फौजेतून लढले. दुसऱ्याच्या इतिहासाचा साचा आपल्याला बसत नाही.

घ्यायची ती पद्धत. आपल्या नव्या रॅपमध्ये, रॉकमध्ये कोरेगावचा आकडा पुन्हा पुन्हा येतो. यायलाच हवा. पण त्यापुढचे काय? बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनावर मांडलेल्या विधेयकाचे गाणे कुठे आहे? दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहावर किती तरुणांनी लिहिले? सातबाऱ्यावर नाव नसलेल्या गायरानाचे काय?

गिटार हाती घ्या, डफ घ्या, माईक घ्या. पण आपल्या बोलीत, आपल्या गावच्या जमिनीचे नाव घेऊन गा. आणि गाणे फसले तर ते फसले असे एकमेकांना तोंडावर सांगा. चळवळीची गाणी त्यानेच सुधारतील.

जयभीम!