घर हुशार, पण किल्ली कुणाच्या हाती?

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा. जुन्या तीन-चार मजली इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहताहेत आणि त्यांच्या जाहिरातींचे फलक रस्ताभर लागलेले आहेत. पूर्वी या फलकांवर बाग, जिम, चोवीस तास पाणी अशी आमिषं असत. आता त्यात भर पडली आहे ती 'स्मार्ट होम'ची. म्हणजे काय, तर नुसतं बोललं की दिवा लागतो, मोबाइलवर बोट टेकवलं की एसी सुरू होतो, दारात कोण उभं आहे ते ऑफिसात बसून दिसतं, कुलपाला किल्ली लागत नाही आणि केर काढायला एक चकती घरभर फिरत राहते.

मैत्रिणींनो, हे मुंबईकरांचं खूळ, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून पान उलटू नका. टीव्ही, मिक्सर, मोबाइल सगळं आधी मुंबईत आलं आणि मग गावोगाव पोचलं. ही यंत्रं तर मुंबईत थांबतसुद्धा नाहीत. दिवाळीच्या सेलमध्ये पुण्याचा मुलगा ती मागवतो आणि कराड-चिपळूणच्या घरी थेट खोकं येऊन पडतं. तेव्हा ती काय देतात आणि काय घेतात, याचा हिशेब आपण बायकांनी वेळेवर मांडलेला बरा.

आधी देणं बघू. मी या यंत्रांच्या विरोधात नाही. गुडघे धरलेल्या बाईला अंथरुणातून न उठता दिवा मालवता येणं ही चैन नव्हे, सोय आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला दार उघडण्याआधी बाहेरचा माणूस दिसतो, तो केवढा आधार! अलेक्साला २०१९ पासून हिंदी कळू लागलं, त्यामुळे डोळ्यांनी अधू झालेली माणसं गोळ्यांची आठवण तिच्याकडे सोपवू शकतात. आणि आपल्या शेतकऱ्यांचं उदाहरण तर सगळ्यात चांगलं. 'स्मार्ट होम' हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी त्यांनी विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवले. शेतीची वीज येणार रात्री-अपरात्री, अंधारात विंचू-काट्यातून कोण जाणार? घरबसल्या मोटार चालू-बंद होऊ लागली. गरज होती म्हणून यंत्र आलं. माझी कसोटी हीच आहे. चारशे चौरस फुटांच्या घरात दिव्याचं बटण चार पावलांवर असतं. तिथे नेमकी कुठली गरज भागते आहे, हे आधी स्वतःला विचारावं.

आता घेणं. 'विजेची बचत होते' असं दुकानदार हमखास सांगतो. जरा कागद-पेन्सिल घेऊन बसू. ही यंत्रं तुमच्या हाकेची वाट बघत सदैव जागी असतात. समजा घरात असे दहा बल्ब, प्लग आणि स्विच आहेत. वाट बघण्यासाठी प्रत्येकी एक वॅट धरा. बोलणाऱ्या स्पीकरचे दोन वॅट, वाय-फायच्या डबीचे आठ. झाले वीस वॅट, चोवीस तास, तीस दिवस. महिन्याला साधारण चौदा युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला चौदाशे रुपयांच्या आसपास, काहीही न करता! शिवाय इंटरनेटचं बिल वेगळं आणि कॅमेऱ्यातलं चित्रण साठवायचं म्हटलं तर बऱ्याच कंपन्यांची दरमहा वर्गणी वेगळी.

खरी बचत कुठे आहे? यंत्राच्या पोटात. साधा छताचा पंखा पंचाहत्तरेक वॅट खातो, नव्या बीएलडीसी मोटारीचा तिसेक वॅटमध्ये चालतो. रोज बारा तास पंखा फिरला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात, म्हणजे एका पंख्यामागे सव्वाशे रुपये. हे पंखे घराघरात नेणारी ॲटमबर्ग कंपनी आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनीच सुरू केली. पण लक्षात घ्या, वीज वाचते ती मोटारीमुळे, मोबाइलवरून पंखा फिरवल्यामुळे नव्हे. एसीचंही तसंच. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू केला की आपोआप २४ अंशांवर लागेल, असा नियम आहे. तो तसाच राहू द्यायला ॲप लागत नाही, आवर लागतो.

घराच्या वायरिंगचाही विचार करा. जुन्या घरांत स्विचबोर्डापर्यंत न्यूट्रलची तार बऱ्याचदा आणलेलीच नसते आणि पुष्कळशा स्मार्ट स्विचना ती लागते. म्हणजे भिंत फोडणं आलं, वायरमन आला. गीझर दोन हजार वॅटचा असतो. त्याला किंवा एसीला दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग लावू नका, तापून जळण्याची भीती असते. सोळा अँपिअरचाच घ्या. रोज सकाळी ठराविक वेळी पाणी तापवायचंच तर साधा टायमरही तेच काम करतो.

पैशाचा हिशेब इथे संपतो. परावलंबनाचा हिशेब त्याहून मोठा. या यंत्रांची बुद्धी आपल्या घरात नसते, ती दूरदेशीच्या संगणकांत असते. २०२५ ची नरकचतुर्दशी आठवते? २० ऑक्टोबरला आपण फराळाची ताटं भरत होतो, तेव्हा दुपारी अमेरिकेतल्या व्हर्जिनियामध्ये ॲमेझॉनच्या संगणक केंद्रात बिघाड झाला. जगभर कित्येक घरांतल्या अलेक्सा मुक्या झाल्या, दारावरचे कॅमेरे आंधळे झाले. अमेरिकेत तर काही लोकांचे गरम-थंड होणारे 'स्मार्ट पलंग'सुद्धा ऐकेनासे झाले. आपल्याकडे इंटरनेटच्या आधी वीजच दगा देते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईत ती बातमी झाली. तुमच्याकडे भारनियमन काय असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यात अनेक स्मार्ट बल्बांची खोड अशी, की गेलेली वीज परत आली की ते आपोआप पेटतात. रात्री दोनला लाइट आले, की सगळं घर लख्ख!

आणि कंपनीनेच हात वर केले तर? अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचं घर चालवणारं यंत्र लोकांनी तीनशे डॉलर मोजून घेतलं होतं. ती कंपनी गूगलच्या नेस्टने घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. यंत्र धडधाकट, पण एका दिवसात त्याचा नुसता डबा झाला. याच्या उलट आपल्या सुमीत मिक्सरची गोष्ट. १९६३ च्या सुमारास मुंबईत राहणाऱ्या माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर जळला आणि त्याच्या दुरुस्तीची इथे सोय नव्हती. त्यांचे इंजिनीयर पती सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या वाटणघाटणाला टिकेल असा मिक्सर बनवला. तो बिघडला तर कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला उघडून बघू शकत होता. जे यंत्र आपल्या गावात दुरुस्त होत नाही, ते विकत घेऊनही पुरतं आपलं होत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो मुद्दा. घर हुशार होतं, पण त्याचं ॲप असतं कुणाच्या मोबाइलमध्ये? बचत गटांच्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांच्या बैठकांसाठी मी उपनगरांत फिरते, तेव्हा हा प्रश्न मुद्दाम विचारते. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, 'मिस्टरांच्या' किंवा 'मुलाच्या'. म्हणजे दिवसाचे बारा-चौदा तास जी घरात राबते तिच्या हाती काहीच नाही. सत्तरीच्या एक आजी मला म्हणाल्या, "अहो, भिंतीवर नुसती काळी काच आहे. बोट लावलं तर भलतंच काहीतरी लागतं. मुलगा म्हणतो, फोन कर, मी तिथून पंखा लावून देतो. पंख्याच्या वाऱ्यासाठी मुलाच्या मीटिंगमध्ये फोन करू का?" घरात वीज आहे, पंखा आहे आणि आजी वर्तमानपत्राने वारा घेताहेत!

ही झाली गैरसोय. पुढचं जास्त गंभीर आहे. एका तरुण सुनेच्या घरी हॉलमध्ये कॅमेरा आहे, 'चोराचिलटांची भीती' म्हणून बसवलेला. दुपारी तीनला नवऱ्याचा ऑफिसातून फोन येतो, "मघाशी दार उघडून कुणाशी बोलत होतीस?" तिने मला विचारलं, "ताई, हे काळजी करणं आहे की पाळत ठेवणं?" तुम्ही काय उत्तर दिलं असतं? अमेरिकेत २०१८ मध्येच 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली होती, की तिथले छळ करणारे पुरुष दूर बसून दिवे, कुलपं, एसी यांच्याशी खेळून बायकांना हैराण करताहेत. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही मोडतो, नुसती मारहाण नव्हे. हे माहीत असू द्या.

आणि कामाला येणारी बाई? तिच्या डोक्यावरही आपण स्वयंपाकघरात कॅमेरा लावतो आणि तिला सांगतही नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यांना 'कामगार' म्हटलं. मग कामगाराचा मान आपल्या घरातही नको का? कॅमेरा असेल तर तिला स्पष्ट सांगावं. ती जिथे कपडे बदलते, घटकाभर टेकते, तिथे तर तो नकोच.

कॅमेरा फक्त आपल्यालाच दाखवतो, या भ्रमातही राहू नये. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं तपासणीचं चित्रण चोरून विकलं गेल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. कॅमेऱ्याचा पासवर्ड अगदी साधा, कुणालाही सुचेल असा ठेवलेला होता, असं नंतर बातम्यांत आलं. अमेरिकेत रिंग या कॅमेरा कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये बायकांच्या खासगी खोल्यांतलं चित्रण पाहिल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचं मान्य केलं. झाकल्या मुठीचं घर आपण असं उघडं टाकायचं?

आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तो कंपन्यांना वेसण घालायला आहे. पण एखाद्याने घरगुती कारणासाठी स्वतः जे केलं, ते या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. चोरून केलेलं अश्लील चित्रण हा गुन्हा आहेच. मात्र हॉलमधल्या कॅमेऱ्याची नजर कुणावर आणि किती वेळ असावी, हा नियम सरकार करणार नाही. तो घरात बसून आपल्यालाच करावा लागेल.

म्हणून खोकं फोडण्याआधी घरात पाच प्रश्न मोठ्याने विचारा. एक, यानं आपली कुठली गरज भागते? दोन, इंटरनेट आणि मोबाइल नसतानाही हे हाताने चालतं का? भिंतीवरचं बटण काढू देऊ नका. तीन, आपल्या गावात हे कोण दुरुस्त करणार? चार, दर महिन्याला काही भरावं लागणार का? आणि पाचवा, सगळ्यात महत्त्वाचा, ॲप माझ्या मोबाइलवरही असेल ना आणि कॅमेरा बंद करायचा हक्क मलाही असेल ना? पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि तो तुम्हालाही ठाऊक असू द्या. झोपायच्या खोलीत कॅमेरा आणि स्पीकर दोन्ही नकोत.

या पाचव्या प्रश्नावर घरात थोडी कुरबूर होईल. "तुला काय कळतंय त्यातलं?" असंही कुणी म्हणेल. गॅसची शेगडी आली, कुकर आला, मिक्सर आला, मोबाइल आला, तेव्हाही हेच ऐकलं होतं आपण. आठ दिवसांत सगळं कळलं. हेही कळेल. फक्त शिकवायला मुलांना जवळ बसवा आणि शिकेपर्यंत त्यांना उठू देऊ नका!