प्रश्नावली गावात आली, उत्तर कुठे गेलं?



सुगी आटोपली की आपल्या गगनबावडा तालुक्यात दोन तऱ्हेचे पाहुणे येतात. एक गगनगडावर दर्शनाला जाणारे, आणि दुसरे हातात छापील प्रश्नावली घेऊन वाडीवस्तीवर फिरणारे विद्यार्थी. कोणी समाजशास्त्रात एम.ए. करतो, कोणी अर्थशास्त्रात पीएच.डी. आपला तालुका त्यांना सोयीचा पडतो. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस इथला, जमिनी थोड्या नि तुकड्या-तुकड्यांच्या, धरणं आहेत, धनगरवाडे आहेत, आणि घरटी एखादा माणूस मुंबई-पुण्याला. अभ्यासाला लागतं ते सगळं एका घाटमाथ्यावर.

आपण या पोरांना चटई टाकतो, चहा देतो, आणि मग सरळ खोटं सांगतो. राग मानू नका, पण हे खरं आहे. उत्पन्न विचारलं की रेशनकार्ड आठवतं, म्हणून कमी सांगायचं. जमीन विचारली की ही माहिती तलाठ्याकडं जाईल अशी शंका येते. कर्ज विचारलं की सोसायटी आठवते. "लिवा की तुमास्नी वाटंल ते," असं सांगून मोकळे होणारेही मी पाहिले आहेत.

यात आम्हा शासकीय माणसांचाही वाटा आहे. शेतीतल्या सुधारणांवर अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी आली होती. वाट दाखवायला म्हणून मी तिच्याबरोबर फिरलो आणि प्रत्येक घरी शेजारी बसलो. भात पेरण्याआधी बियाणं मिठाच्या पाण्यात घालून पोचट दाणे काढता का, असा तिचा प्रश्न होता. घरोघरी एकच उत्तर आलं, "व्हय, दरसाल करतोय." पोरगी खूश झाली. मी मात्र मनातून खजील झालो, कारण त्यातल्या निम्म्या घरांत मीठ फक्त आमटीत पडतं हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, बाई, आज तू एकटीच जा. ती गेली आणि बरीच उत्तरं फिरली. लोक तिच्याशी खोटं बोलत नव्हते, माझ्या तोंडाकडं बघून बोलत होते. सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी खात्याच्या सहकाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे : वाट दाखवा, ओळख करून द्या आणि तिथून उठा.

खोट्या उत्तरानं कुणाचं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते आपलंच. खऱ्या उत्तरानं काय होतं तेही बघा. डॉ. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य, मूळचे रसायनशास्त्राचे माणूस. त्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे गाव घराघरानं आणि तुकड्यातुकड्यानं तपासलं. १९१७ साली त्यावर पुस्तक निघालं. जमिनीचे तुकडे पडत जाऊन शेती कशी आतबट्ट्याची होते आणि कर्ज कसं वाढतं, हे त्यात आकड्यांनी दाखवलं आहे. आज त्या गावात इमारतीच इमारती आहेत. जुन्या शेतीचा एवढा बारीक हिशेब शिल्लक आहे तो त्या पुस्तकामुळं.

पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी खुदानपूर यांनी १९४८ च्या कूळकायद्याची गावोगाव पाहणी केली. १९५७ साली तिचा अहवाल आला. कागदावर कुळानं राजीखुशीनं जमीन सोडली असं दिसे. ती खुशी कितपत खरी, हा प्रश्न त्या पाहणीनं पुढं आणला. आपल्या शेजारच्या कोयना खोऱ्यातून उठवलेल्या माणसांचं काय झालं, हे इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी शोधलं. तो अहवाल १९६९ चा. म्हणजे माणसं उठल्यावर अभ्यास झाला. उठण्याआधी झाला असता तर?

आता आपल्या तालुक्यात अभ्यासाचे विषय कमी आहेत का? गडी मुंबईला आणि भाताची लावण, नाचणीची भांगलण बाईच्या माथी. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, म्हणून पीककर्ज नाही. अशा किती बायका आहेत? गव्यांच्या आणि डुकरांच्या त्रासानं डोंगराकडच्या किती पट्ट्या पड पडल्या? पंचनाम्याला किती जण जातात आणि किती जण कंटाळून सोडून देतात? खाचरात ऊस आला तेव्हा घरातलं भात-नाचणीचं पोतं कमी झालं का?

आणि सगळ्यात निकडीचा विषय पश्चिम घाटाचा. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघाली. सहावी ३१ जुलै २०२४ ला. आपल्या तालुक्यातली गावं या यादीत आलेली आहेत. हरकतीला साठ दिवसांची मुदत असते. किती गावांत तो मसुदा मराठीतून वाचून दाखवला गेला? घर बांधायला बंदी येणार, शेती बंद होणार, अशा अफवा मात्र प्रत्येक पारावर ऐकू येतात. मसुद्यातली बंदी मुख्यतः खाणी, वाळू उपसा, औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषक कारखाने आणि मोठी बांधकामं यांवर आहे. गावाला नेमकं काय ठाऊक आहे आणि काय नाही, एवढंच जरी कुणी शोधलं तरी तो प्रबंध कामी येईल.

म्हणून पुढच्या वेळी प्रश्नावली आली की चार गोष्टी करा. एक, हा विषय कुणी ठरवला आणि कशासाठी, ते विचारा. दोन, आपलं नाव छापणार नाही ना, याची खात्री करून घ्या. एखादा प्रश्न नको असेल तर "सांगणार नाही" म्हणा. न सांगणं चालतं, खोटं सांगणं नको. तीन, ग्रामपंचायतीत एक वही ठेवा आणि विद्यार्थ्याचं नाव, विद्यापीठ, विषय, मार्गदर्शक लिहून घ्या. चार, काम झाल्यावर दोन पानांचा मराठी सारांश गावाला मिळालाच पाहिजे, असा आग्रह धरा. तो ग्रामसभेत वाचा आणि चुकलं असेल तिथं चुकलं म्हणून सांगा. पीएच.डी.चे कैक प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवलेले असतात. शिकल्या-सवरल्या पोरांनी तिथं आपल्या तालुक्याचं नाव शोधून पाहावं.

विद्यापीठातल्या गुरुजनांनाही एक सांगणं आहे. विषय मंजूर होण्याआधी विद्यार्थ्याला एकदा रिकाम्या हातानं गावात पाठवा. "तुमचा प्रश्न काय?" एवढंच त्यानं विचारावं.

शेतातली माती तपासायला दिली की अहवालाची आपण वाट बघतो. गावाचीही माती अशीच तपासली जाते आहे. नमुना चांगला द्या, आणि अहवाल मागून घ्या.