बांबू आपला, काडी परक्यांची

अयोध्येच्या श्रीराम मंदिराच्या दारांसाठी निवडलेले सागवान 29 मार्च 2023 रोजी बल्लारपुरातून निघाले, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात काष्ठपूजन झाले आणि शोभायात्रा निघाली. आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाची कीर्ती जुनीच आहे. त्या कीर्तीवर या प्रसंगाने कळस चढविला. त्या लाकडावरील कोरीवकाम हैदराबादच्या एका आस्थापनेच्या देखरेखीखाली तामिळनाडूच्या कारागिरांनी केले. रामकार्याला साऱ्या देशाचे हात लागावेत हेच उचित होय, त्यात खंत मानण्याचे कारण नाही. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीचे लाकूड, कोळसा, बांबू, तेंदूपान, मोह आणि आता लोहखनिज हे सारेच बहुतांशी ओंडका, गठ्ठा आणि डंपर याच रूपात जिल्ह्याबाहेर जात असेल, तर तो मात्र चिंतेचा विषय आहे.

चिंता व्यक्त करण्यास आजचा काळ अनुकूल आहे, हेही खरे. 15 ऑक्टोबर 2025 रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. याच चळवळीने डिसेंबर 2016 मध्ये सूरजागडला खनिजवाहतुकीची अनेक वाहने पेटवून दिली होती. तेथील खाण 2021 पासून वेगाने चालू झाली आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीचा प्रकल्प उभा राहिला. ज्या घरात कधी दरमहा पगार आला नाही तेथे तो येऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि खाणीला आयुष्याची मर्यादा असते. एकदा गेलेले खनिज परत येत नाही. बांबूला मात्र दरवर्षी नवे कोंब फुटतात. म्हणून वनवासी तरुणाच्या उद्योजकतेची खरी परीक्षा बांबूतच आहे.

या बांबूचा इतिहास उद्बोधक आहे. 1927 च्या वन कायद्याने गवताच्या या जातीला ‘वृक्ष’ ठरविले आणि ज्याच्या दारात ते उगवते त्याचाच हात त्यावरून दूर केला. 1945 साली बल्लारपूरला कागद उद्योग आला. त्याचा बांबू याच अरण्यातून गेला. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकारही ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची विचारपरंपरा सर्वोदयाची. पण गावाने आपले शासन आपण चालवावे या त्यांच्या आग्रहाशी कोणा राष्ट्रभक्ताचे भांडण असू शकेल?

दुर्दैव असे, की ज्या 2011 साली मेंढ्याचा बांबू मोकळा झाला, त्याच वर्षी दिल्लीने अगरबत्तीच्या गोल बांबूकाडीवरील आयात शुल्क 30 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणले. खादी व ग्रामोद्योग आयोगानेच पुढे दिलेले आकडे बोलके आहेत : 2009 मध्ये 31 कोटी रुपयांची असलेली ही आयात 2018 मध्ये 546 कोटींवर गेली. देवघरात उदबत्ती आपण लावत होतो आणि तिची काडी व्हिएतनाम व चीनमधून येत होती! वनविभागाने त्याच सुमारास गडचिरोलीत गावोगावच्या महिलांसाठी अगरबत्ती प्रकल्प सुरू केला, त्या उद्योगापुढे बाजारात हेच आव्हान उभे होते. जून 2020 मध्ये शुल्क 25 टक्के झाले आणि ती चूक काहीशी सुधारली.

पण केवळ शुल्काच्या भिंतीआड उद्योग वाढत नाही. यंत्रावर वळल्या जाणाऱ्या अगरबत्तीला सारख्या जाडीची गोल काडी लागते. कोयत्याने चिरलेली काडी चौकोनी निघते आणि यंत्रात अडकते. शिवाय काडीसाठी बांबूचा जेमतेम 16 टक्के भाग कामी येतो, उरलेला 84 टक्के वाया जातो, असे खादी आयोगाचेच म्हणणे आहे. त्या उरलेल्या भागाचा कोळसा किंवा लगदा केला, तर काडी आपोआप स्वस्त पडते. आपल्याकडे तो कचरा म्हणून गेला. बांबूच्या कोळशावरील निर्यातबंदीही मे 2022 पर्यंत उठली नव्हती. स्पर्धेत मजुरी हरली नाही, हरले ते यंत्र आणि नियोजन.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल 1965 मध्ये मुंबईत एकात्म मानववादावर व्याख्याने दिली. उद्योगाचा विचार करताना विश्वेश्वरय्यांनी सांगितलेले माणूस, माल, पैसा, व्यवस्थापन, चालकशक्ती, बाजार आणि यंत्र हे सात घटक त्यांनी तेथे मांडले. यंत्र बाहेरून जसेच्या तसे आणून बाकीच्या सहांना त्याच्या मापात बसविण्याच्या वृत्तीवर त्यांचा आक्षेप होता. गडचिरोलीचा मानवेल भरीव आणि टणक. त्याला मानवेल असे काडीयंत्र, वीज जाणाऱ्या गावात चालणारे आणि गावातच दुरुस्त होणारे, कोणी बनवायचे?

संस्थांचा तुटवडा नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. 2022 च्या आगीत त्याची इमारत जळाली, तो मोठाच आघात होता. 2011 मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आहे, आयटीआय आहेत. शिवाय ज्याकडे कोणाचे लक्ष नाही असे एक भांडवल चंद्रपुरातच पडून आहे. 2,920 मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना आणि सिमेंटचे कारखाने यांतून दरवर्षी निष्णात फिटर, टर्नर, बॉयलरचे जाणकार निवृत्त होतात आणि उरलेले आयुष्य नागपूर-पुण्याच्या सदनिकेत घालवितात. नोकरीतच प्रतिष्ठा मानणाऱ्या मध्यमवर्गाने आपल्या मुलांना उद्योजक केले नाही. निदान आपले कौशल्य तरी अरण्यात न्यावे. अमरावतीचे बाळासाहेब देशपांडे यांनी 1952 साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू केला, तेव्हा हाताशी याहून कितीतरी कमी होते. वसतिगृहे आणि शाळा यांतून शिकलेली पिढी आता गावात आहे. तिला लेथ हवे, जमाखर्च आणि जीएसटीचे विवरणपत्र भरता यायला हवे, ठेकेदाराशी करार करताना त्यातील कलमे वाचता यायला हवीत.

बांबूची तोड पावसाळ्यात थांबते. रोवणी आटोपली, की धानाच्या कापणीपर्यंत गावातले हात त्या मानाने मोकळे असतात. निवृत्त तंत्रज्ञांनी पहिला वर्ग भरवायचा तर तो याच दोन महिन्यांत, ग्रामसभेच्या बांबू डेपोशेजारी भरवावा.