जाळी पुरे, आता धागा काढू!

मित्रांनो, प्रोजेक्टच्या यादीत 'इलेक्ट्रोस्पिनिंग' दिसलं की आपण म्हणतो, "हे केमिकलवाल्यांचं काम!" माझं मत उलटं आहे. हे मेकॅनिकलचंच काम आहे. कसं ते बघा.

पॉलिमरचं द्रावण सिरिंजमध्ये भरायचं आणि सुईला दहा-वीस हजार व्होल्ट द्यायचे. टोकाशी थेंबाचा शंकू होतो, त्यातून बारीक धार सुटते. विजेच्या भारामुळे ती गरगर वळसे घेत ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक तंतू समोरच्या पत्र्यावर पडतो. पण पडतो कसाही! म्हणून तयार होते ती जाळी. फिल्टरला ती चालते. सूत हवं असेल तर मात्र तंतू समांतर हवेत आणि त्यांना पीळ हवा.

इथून पुढचं सगळं आपलं! तंतू समांतर बसावेत म्हणून फिरता ड्रम लावतात. १० सेंमी व्यासाचा ड्रम २००० आरपीएमने फिरवला, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला साडेदहा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे बॅलन्सिंग आलं, बेअरिंग आलं. विरुद्ध भाराच्या दोन सुया लावून, फिरत्या नरसाळ्यावरून तंतू ओढत पीळ देण्याचीही रीत आहे. गंमत म्हणजे फॉर्महाल्सच्या १९३४ च्या पेटंटचा विषयच कृत्रिम धागे हा होता!

अडचण आहे ती वेगाची. तासाला १ मिली, १० टक्के द्रावण, म्हणजे एका सुईतून तासाला जेमतेम ०.१ ग्रॅम. अर्धा किलो सुताला ५००० तास, म्हणजे जवळजवळ सात महिने! तेव्हा येवल्याच्या पैठणीने घाबरायचं कारण नाही. हे सूत कृत्रिम स्नायुबंधासारख्या, ग्रॅममध्ये मोजायच्या संशोधनासाठी.

तरीही येवल्याला आणि मालेगावला जायलाच हवं. ताण किती ठेवायचा, पीळ किती द्यायचा, धागा नेमका कुठे तुटतो, हे मागावरच्या माणसाच्या बोटांना कळतं. आणि आपण? रेडिमेड प्रोजेक्ट विकत आणतो, रंग मारतो, व्हायवा देतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

यंदा एखाद्या ग्रुपने सरांच्या देखरेखीखाली, अर्थिंग नीट करून, ड्रम स्वतः बनवावा. वीतभर धागा निघाला तरी चालेल. तो आपला असेल!