चावीचा पक्षी आणि आपली प्रात्यक्षिके

विद्यार्थी मित्रहो, तळहातावर मावेल अशी एक डबी डोळ्यांसमोर आणा. खटका सरकवताच झाकण उघडते, अंगठ्याएवढा पक्षी उभा राहतो, पंख हलवीत गातो आणि गाणे संपताच आत नाहीसा होतो. वीज नाही, ध्वनिमुद्रणही नाही! स्वित्झर्लंडमधील घड्याळजी पिएर जाके-द्रो (१७२१–१७९०), त्यांचे पुत्र व सहकारी यांच्या कार्यशाळेत अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा डब्या घडल्या.

याला केवळ खेळणे समजू नका. चावी दिली की स्प्रिंगमध्ये ऊर्जा साठते. दंतचक्रे ती एका चिमुकल्या भात्याला आणि कॅमना, म्हणजे कडेला उंचसखल आकार दिलेल्या चकत्यांना, पोचवतात. भात्यातील हवा शिट्टीत शिरते. एका कॅमवर टेकलेली तरफ शिट्टीतला दट्ट्या मागेपुढे सरकवते. दुसरी हवेची झडप उघडते व मिटते. हवेचा स्तंभ ५ सेंटीमीटर असेल तर कंप्रता सुमारे १७०० हर्ट्झ, २.५ सेंटीमीटर असेल तर सुमारे ३४००. प्रत्येक सुराला वेगळी नळी लागत नाही. म्हणूनच सूर खऱ्या पाखरासारखा घसरत जातो.

बंद नळीचे हे सूत्र तुम्हांला पाठ असेल. पण कॅमची कड कानशीने किती घासावी, हे सूत्र सांगत नाही. जरा जास्त घासली की सूर चुकला, आणि घासलेले पितळ परत येत नाही.

मला खंत वाटते ती इथेच. आमच्या प्रयोगशाळेत अनेक विद्यार्थी उत्तर आधी पाहतात आणि निरीक्षणे त्याला जुळवून लिहितात. गुण वहीला मिळतात, हाताला नाहीत. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्षातून एक तरी उपकरण मुलांना स्वतः बनवू द्या, बिघडवू द्या, दुरुस्त करू द्या. अभ्यासक्रमाला वेळ पुरत नाही, हे मीही जाणतो. पण हाताने न पडताळलेले सूत्र परीक्षेनंतर किती दिवस टिकते?

सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. परीक्षानळीच्या तोंडावर आडवी फुंकर घाला आणि सूर ऐका. मग नळी निम्मी पाण्याने भरून पुन्हा फुंका. सूत्राप्रमाणे नेमका वरचा ‘सा’ लागायला हवा. लागतो का? थोडा उतरलेला वाटला, तर वहीत तसेच लिहा आणि कारण शोधा. खरे भौतिकशास्त्र तिथूनच सुरू होते.